परवानगी दिली, पण तपासणी? फायरवॉलची सिक्युरिटी प्रोफाइल्स स्वयंचलित करताना

फायरवॉल म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नियमांची यादी येते: अमुक नेटवर्कमधून तमुक सर्व्हरकडे या पोर्टवर (सेवेच्या ठरलेल्या क्रमांकावर) जाऊ द्यावे, बाकी सारे अडवावे. ही यादी फायरवॉलचे अर्धेच काम सांगते. परवानगी मिळालेल्या वाहतुकीच्या पोटात काय दडले आहे, डाउनलोड होणाऱ्या फाइलमध्ये व्हायरस आहे का, वेब सर्व्हरकडे आलेल्या विनंतीत एखाद्या जुन्या त्रुटीचा फायदा घेण्याचा प्रयत्न आहे का, आतला एखादा संगणक गुपचूप हल्लेखोराच्या सर्व्हरशी संपर्क साधतो आहे का, या प्रश्नांची उत्तरे नियमात नसतात. ती शोधण्याचे काम सेटिंगच्या ज्या संचाकडे असते त्याला सिक्युरिटी प्रोफाइल म्हणतात. नियमाला ‘कोण, कोठून, कोठे’ एवढेच विचारता येते. ‘काय घेऊन’ हा प्रश्न प्रोफाइल विचारते.

या विभागणीला इतिहास आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पहिल्या फायरवॉल प्रत्येक पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावरचा, पत्ता आणि पोर्ट पाहून निर्णय घेत. १९९४ मध्ये आलेल्या चेक पॉइंट या कंपनीच्या फायरवॉलने चालू कनेक्शनची स्थिती लक्षात ठेवून निर्णय घेण्याची पद्धत बाजारात रुजवली. पुढे बहुतेक वाहतूक वेबच्या ८० आणि ४४३ या दोनच पोर्टांतून वाहू लागली आणि नुसते पोर्ट पाहून काही कळेनासे झाले. तेव्हा ॲप्लिकेशन ओळखणाऱ्या आणि मजकूर उघडून पाहणाऱ्या ‘नेक्स्ट जनरेशन’ फायरवॉल आल्या, आणि त्यांच्याबरोबर प्रोफाइल्सचा पसारा आला.

पसारा हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पालो आल्टो या कंपनीच्या फायरवॉलमध्ये अँटिव्हायरस, अँटिस्पायवेअर, व्हल्नरेबिलिटी प्रोटेक्शन, यूआरएल फिल्टरिंग, फाइल ब्लॉकिंग, वाइल्डफायर (अनोळखी फाइलची वेगळी तपासणी) आणि डेटा फिल्टरिंग अशी वेगवेगळी प्रोफाइल्स असतात. फोर्टिनेट या कंपनीच्या फोर्टिगेट फायरवॉलमध्ये अँटिव्हायरस, वेब फिल्टर, डीएनएस फिल्टर, ॲप्लिकेशन कंट्रोल आणि आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारी यंत्रणा) अशी नावे दिसतात. प्रत्येकात धोक्याच्या गंभीरतेनुसार काय करायचे ते ठरवावे लागते: नुसते जाऊ द्यायचे, जाऊ देऊन लॉगमध्ये नोंद करायची, पॅकेट गाळून टाकायचे, कनेक्शनच्या एका किंवा दोन्ही टोकांना रीसेट पाठवून ते तोडायचे, की पाठवणाऱ्याचा पत्ताच काही काळ अडवून ठेवायचा. गंभीरतेच्या पाच पायऱ्या (क्रिटिकल, हाय, मीडियम, लो आणि इन्फर्मेशनल), सहा-सात प्रकारची प्रोफाइल्स, वाहतुकीचे चार-पाच वर्ग आणि चाळीस फायरवॉल असा गुणाकार केला, तर माणसाने क्लिक करून घ्यायचे निर्णय हजाराच्या कितीतरी पुढे जातात. त्यातला एक चुकला तर तो दिसत नाही, कारण चुकलेले प्रोफाइल काही अडवत नाही, आणि जे अडले नाही त्याची तक्रार घेऊन कोणी येत नाही.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. नियम चुकला की पाच मिनिटांत फोन वाजतो, कारण कोणाचे तरी काम बंद पडते. प्रोफाइल लावायचे राहिले, किंवा ‘अडवा’ऐवजी ‘नोंद करा’ असे राहून गेले, तर सगळे सुरळीत चालते आणि म्हणूनच महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. पालो आल्टोच्या फायरवॉलमध्ये प्रोफाइल वेगळे बनवावे लागते आणि मग ते एकेका नियमाला जोडावे लागते. उत्तम प्रोफाइल तयार करून ठेवले आणि ते जोडलेच नाही, तर ते कपाटातल्या औषधासारखे पडून राहते. शिवाय प्रोफाइल केवळ परवानगी देणाऱ्या नियमांवर चालते. जिथे वाहतूक अडवलीच आहे तिथे तपासायला काही उरत नाही. त्यामुळे ‘आपल्याकडे अँटिव्हायरस प्रोफाइल आहे का’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. परवानगी देणाऱ्या किती नियमांना ते जोडलेले नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि ऑटोमेशनची, म्हणजे ही कामे हाताने न करता प्रोग्रॅमकडून करून घेण्याची, सुरुवात तिथूनच करावी असे माझे ठाम मत आहे.

म्हणजे पहिली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) काहीही बदलणारी नसावी. आजच्या बहुतेक फायरवॉलना एपीआय असतो, म्हणजे पडद्यावर क्लिक न करता दुसऱ्या प्रोग्रॅमने त्यांना प्रश्न विचारण्याचा आणि आदेश देण्याचा ठरलेला मार्ग. केवळ वाचण्याचा अधिकार असलेले एक खाते तयार करावे, त्याच्या आधारे सगळ्या फायरवॉलची चालू कॉन्फिगरेशन (सर्व सेटिंगची नोंद) खाली उतरवावी, आणि एक साधा तक्ता काढावा: परवानगी देणारा प्रत्येक नियम, त्याला जोडलेली प्रोफाइल्स, आणि त्या प्रोफाइल्समध्ये क्रिटिकल व हाय दर्जाच्या धोक्यांना काय शिक्षा ठरवली आहे. जुन्या संस्थांमध्ये हा तक्ता प्रथमच समोर येतो तेव्हा ‘चाचणी-२’, ‘नवीन-अंतिम’, ‘तात्पुरते’ अशा नावांची प्रोफाइल्स सापडतात आणि ती कोणी, कशासाठी बनवली हे सांगणारे कोणी उरलेले नसते. एकही सेटिंग न बदलता मिळालेली ही माहिती बऱ्याचदा पुढच्या सहा महिन्यांच्या कामाचा आराखडा ठरवते.

पुढचा टप्पा निर्णयाचा आहे, आणि येथे घाई करणारे नंतर पस्तावतात. फायरवॉलबरोबर तयार प्रोफाइल्स येतात, बहुधा एक मवाळ आणि एक कडक. मोह असा होतो की कडक प्रोफाइल सगळीकडे लावावे आणि मोकळे व्हावे. पण वाहतुकीचे वर्ग वेगवेगळे असतात आणि त्यांचे धोकेही वेगळे असतात. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवरून इंटरनेटकडे जाणाऱ्या वाहतुकीत फसव्या संकेतस्थळांची, व्हायरस असलेल्या डाउनलोडची आणि आत शिरलेल्या स्पायवेअरने मालकाशी साधलेल्या संपर्काची भीती असते. तेथे यूआरएल फिल्टरिंग, अँटिव्हायरस, अँटिस्पायवेअर आणि धोकादायक प्रकारच्या फाइल अडवणे यांना महत्त्व आहे. इंटरनेटवरून आपल्या वेब सर्व्हरकडे येणाऱ्या वाहतुकीत यूआरएलच्या वर्गवारीला फारसे काम नाही. तेथे सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमधील त्रुटींवर होणारे हल्ले ओळखणारे प्रोफाइल सर्वांत कडक हवे. डेटा सेंटरच्या आतल्या आत, एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाहतुकीकडे अनेक जण कानाडोळा करतात, पण एक संगणक हाती लागल्यावर हल्लेखोर पसरतो तो याच वाटेने. आणि रात्री चालणाऱ्या बॅकअपची प्रचंड वाहतूक ओळखीच्या दोन यंत्रांमध्येच होत असेल, तर तिचा प्रत्येक बाइट तपासायचा का, हा जोखीम आणि क्षमता यांच्या हिशेबाचा प्रश्न आहे. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत नुसत्या फायरवॉलचा वेग आणि धोक्यांची तपासणी चालू असतानाचा वेग असे दोन आकडे वेगळे छापलेले असतात आणि दुसरा नेहमी लहान असतो. तो उगाच छापलेला नाही.

असे चार-पाच वर्ग ठरले की प्रत्येक वर्गासाठी प्रोफाइल्सचा एक गट बांधता येतो, आणि नियमाला सुटी प्रोफाइल्स न जोडता हा गट जोडता येतो. मग नियमाच्या बाबतीत एकच निर्णय उरतो: हा नियम कोणत्या वर्गातला? पालो आल्टोच्या फायरवॉलमध्ये गटाला ‘डीफॉल्ट’ असे नाव दिले, तर नव्याने लिहिलेल्या प्रत्येक नियमाला तो आपोआप जोडला जातो. ही छोटीशी सोय अनेकांना ठाऊक नसते, आणि कोणतीही स्क्रिप्ट न लिहिता ‘जोडायचे राहिले’ या चुकीचा मोठा भाग तिने बंद होतो. ऑटोमेशन म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे असे समजून बसलेल्या माणसाला हे फार साधे वाटेल, पण उपकरणातच असलेली सोय आधी वापरावी आणि मग बाहेरून यंत्रणा उभारावी, हा क्रम बरा.

आता मूळ कल्पनेकडे येऊ. हाताने कॉन्फिगर करताना खरा निर्णय फायरवॉलच्या आत राहतो: पडद्यावर जे दिसते तेच धोरण, दुसरीकडे कोठे ते लिहिलेले नसते. स्वयंचलित पद्धतीत ही दिशा उलटी होते. धोरण एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिले जाते, आणि फायरवॉल ही त्या फाइलची अंमलबजावणी करणारी यंत्रे ठरतात. ही फाइल बहुधा यामल नावाच्या लेखनपद्धतीत असते, जी प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही वाचता येते. वर्गाचे नाव ‘इंटरनेटकडे जाणारी वाहतूक’. त्याखाली अँटिव्हायरस, कृती दोन्ही टोके रीसेट. त्याखाली त्रुटींवरील हल्ले, क्रिटिकल, हाय आणि मीडियम अडवा, लो आणि इन्फर्मेशनल यांची नोंद करा. त्याखाली अडवायच्या फाइलचे प्रकार, अशी ती ओळीमागून ओळ जाते. फाइल गिटसारख्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत ठेवली की कोणती ओळ कोणी, कधी आणि कोणत्या कारणासाठी बदलली याची नोंद आपोआप राहते, आणि बदल लागू होण्याआधी दुसऱ्या माणसाने तो वाचून मान्य करावा अशी अट घालता येते. माझ्या मते सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. वेळ वाचतो तो वरचा फायदा.

फाइल ते फायरवॉल हा प्रवास घडवणारी साधने बरीच आहेत. २०१२ साली सुरू झालेले अ‍ॅन्सिबल आणि २०१४ सालचे टेराफॉर्म ही दोन सर्वांत परिचित आहेत, आणि मोठ्या फायरवॉल उत्पादकांसाठी दोन्हींमध्ये तयार जोडण्या मिळतात. ज्यांना स्वतः लिहायचे आहे ते पायथनमधून थेट एपीआय वापरतात. साधन कोणतेही असो, त्यात एक गुण असलाच पाहिजे: तोच आदेश पुन्हा दिला तर परिणाम तोच राहावा. साधी स्क्रिप्ट ‘हे प्रोफाइल जोड’ असे म्हणते आणि दुसऱ्यांदा चालवली की चूक दाखवते किंवा दुसरी प्रत बनवते. चांगले साधन ‘हे प्रोफाइल असे असावे’ असे म्हणते; आधी पाहते, तसे नसेल तरच बदलते, असेल तर काही करत नाही. हा गुण असला की तेच काम रोज रात्री निर्धास्तपणे चालवता येते. दोन्ही साधनांमध्ये प्रत्यक्ष बदल न करता ‘काय काय बदलेल’ तेवढेच दाखवण्याची सोयही आहे, आणि ती यादी वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबणाऱ्याने हे काम करू नये.

रोज चालवण्याचे कारण असे की फायरवॉल एकदा नीट केली म्हणून नीट राहत नाही. मध्यरात्री एखादे ॲप्लिकेशन बंद पडते, संशय फायरवॉलवर जातो, कोणीतरी ‘बघू तरी’ म्हणून प्रोफाइल काढून टाकते, ॲप्लिकेशन भलत्याच कारणाने बंद पडले होते असे सकाळी कळते, आणि काढलेले प्रोफाइल परत लावायचे राहून जाते. दोन वर्षांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. लिहिलेले धोरण आणि यंत्रावरची वस्तुस्थिती यांच्यात हळूहळू पडत जाणाऱ्या या अंतराला तंत्रज्ञ ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. रोजची तुलना हे अंतर दुसऱ्याच दिवशी दाखवते. अंतर दिसताच ते आपोआप मिटवावे की नाही याबद्दल मतभेद आहेत. माझे मत असे की पहिले काही महिने नुसते कळवावे, मिटवू नये. कारण प्रत्येक फरकामागे एखादी खरी अडचण असण्याची शक्यता असते आणि ती समजून न घेता यंत्राने सगळे पूर्ववत केले, तर तीच अडचण पुढच्या मध्यरात्री परत उभी राहते.

बदल फायरवॉलमध्ये कसा उतरतो हे न समजता ऑटोमेशन करणे मात्र धोक्याचे आहे, आणि येथे उत्पादकांच्या पद्धती खरोखरच वेगळ्या आहेत. पालो आल्टो आणि ज्युनिपर या कंपन्यांच्या फायरवॉलमध्ये दोन कॉन्फिगरेशन असतात: एक चालू, आणि एक कच्ची. सगळे बदल आधी कच्च्या प्रतीत होतात आणि ‘कमिट’ म्हटल्यावरच लागू होतात. फोर्टिगेटमध्ये नेहमीच्या पद्धतीने केलेला बदल तो विभाग पूर्ण करताच लागू होतो. पहिल्या पद्धतीत सुरक्षितता आहे, पण एक सापळाही आहे. समजा, एक सहकारी कच्च्या प्रतीत नियम बदलत अर्ध्यावर पोहोचला आहे आणि त्याच वेळी आपली स्क्रिप्ट प्रोफाइल बदलून कमिट करते. तर त्या सहकाऱ्याचे अर्धवट कामही त्याच कमिटबरोबर लागू होऊ शकते. म्हणून स्क्रिप्टने आधी कुलूप घ्यावे, म्हणजे तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाला बदल करता येणार नाही, कच्च्या प्रतीत कोणाचे बदल पडून आहेत का ते पाहावे, असतील तर थांबून कळवावे, आणि जेथे सोय आहे तेथे केवळ स्वतःच्या खात्याने केलेले बदलच कमिट करावेत. या चार ओळी लिहायला कंटाळा करणाऱ्या स्क्रिप्ट मी पाहिल्या आहेत. त्या बहुतेक दिवशी व्यवस्थित चालतात, हीच त्यांची अडचण.

चूक झालीच तर मागे येण्याची सोय काय? ज्युनिपरच्या प्रणालीत ‘पुष्टी हवी’ असे सांगून कमिट करता येते: बदल लागू होतो, पण १० मिनिटांत पुन्हा होकार दिला नाही तर यंत्र आपणहून जुन्या स्थितीत परतते. नेटवर्क उपकरणांच्या कॉन्फिगरेशनसाठी २००६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि २०११ मध्ये सुधारलेल्या नेटकॉन्फ या मानकातही हीच कल्पना आहे आणि तेथेही ठरावीक मुदत ६०० सेकंदांचीच आहे. यातले शहाणपण असे की चुकीच्या बदलाने आपलाच संपर्क तुटला, तरी यंत्राला परत फिरायला आपली गरज लागत नाही. जेथे ही सोय नाही तेथे स्क्रिप्टने बदलापूर्वीची संपूर्ण कॉन्फिगरेशन जपून ठेवावी आणि ती परत लावून पाहण्याचा सराव खऱ्या संकटाच्या आधी केलेला असावा.

हे सगळे जास्तीच्या काळजीचे वाटत असेल तर २ जुलै २०१९ या दिवसाकडे पाहावे. क्लाउडफ्लेअर या कंपनीने आपल्या वेब ॲप्लिकेशन फायरवॉलमध्ये हल्ले ओळखणारा एक नवा नियम जगभरातल्या सर्व यंत्रांवर एकाच वेळी लागू केला. तो अडवणारा नव्हता. केवळ नोंद करणाऱ्या चाचणी अवस्थेत होता. पण त्यातली मजकूर जुळवून पाहणारी एक सूत्रओळ अशी लिहिली गेली होती की विशिष्ट मजकुरावर ती प्रोसेसरला अखंड कामाला लावत असे. काही क्षणांत जगभरच्या यंत्रांचे प्रोसेसर शंभर टक्के भरले आणि त्या कंपनीच्या आधाराने चालणारी असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे कोलमडली. सर्वांत वाईट क्षणी वाहतूक ८२ टक्क्यांनी घसरली होती. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणावे असा हा प्रकार. कंपनीने नंतर स्वतःच सविस्तर लिहिल्याप्रमाणे, इतर सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने पाठवण्याची त्यांची पद्धत होती, पण नव्या हल्ल्यांना तत्काळ उत्तर देता यावे म्हणून फायरवॉलच्या नियमांना त्यातून सूट होती. भरीला भर म्हणजे त्यांची आतली काही साधनेही त्याच यंत्रणेच्या आड होती, त्यामुळे दुरुस्ती करायला निघालेल्यांना काही ठिकाणी प्रवेशच मिळेना.

या घटनेचे दोन धागे आपल्या विषयाशी थेट जुळतात. पहिला, ‘नुसती नोंद करा’ ही अवस्था निरुपद्रवी असते हे गृहीतक नेहमी खरे नसते. तपासणीचा भार तर पडतोच. दुसरा, टप्प्यांना अपवाद करण्याचे सर्वांत पटणारे कारण घाई हे असते, आणि ते कारण खोटेही नसते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा प्रोग्रॅममध्ये वापरल्या जाणाऱ्या तयार कोडच्या संचातली त्रुटी उघड झाली, तिला गंभीरतेचे १० पैकी १० गुण मिळाले आणि हल्ले लगेच सुरू झाले. त्या आठवड्यात ‘आपण पुढच्या महिन्यात टप्प्याने लावू’ म्हणणे शक्य नव्हते. यावर उपाय टप्पे वगळणे हा नाही, ते आखूड करणे हा आहे. नेहमीच्या बदलाला पहिल्या फायरवॉलवर काही दिवस, मग एका छोट्या गटावर काही दिवस, मग सर्वत्र असे वेळापत्रक असेल, तर तातडीच्या बदलाला तेच टप्पे तासांचे किंवा मिनिटांचे करावेत. एका कमी महत्त्वाच्या यंत्रावर पंधरा मिनिटे पाहिलेला बदलसुद्धा कोठेच न पाहिलेल्या बदलापेक्षा फार वेगळा असतो. तातडीचे टप्पे किती मिनिटांचे, हे शांत दिवशीच फाइलमध्ये लिहून ठेवावे.

नवे प्रोफाइल प्रथम नोंद करण्याच्या अवस्थेत लावावे, लॉग पाहावेत, निर्दोष वाहतूक कोठे पकडली जाते ते शोधावे आणि मग अडवण्याकडे जावे, ही सर्वमान्य पद्धत आहे. तिच्यातही एक खोड आहे: पहिला टप्पा कधी संपत नाही. म्हणून फाइलमध्ये प्रोफाइलसोबत ‘या तारखेपर्यंत नोंद, त्यानंतर अडवा’ असे लिहून ठेवावे आणि तारीख जवळ आली की यंत्रणेनेच बदलाचा प्रस्ताव तयार करून जबाबदार माणसापुढे ठेवावा. होकार माणसाने द्यावा. आठवण यंत्राने करावी.

अपवादांचेही तसेच. कधी ना कधी एखादी सिग्नेचर, म्हणजे हल्ला ओळखण्याची ठरलेली खूण, निर्दोष वाहतुकीला हल्ला समजते. अशा वेळी लोक पूर्ण प्रोफाइल काढून टाकतात, म्हणजे एका खोट्या इशाऱ्यासाठी हजारो खऱ्या तपासण्या बंद होतात. रोगापेक्षा इलाज भयंकर. बऱ्याच फायरवॉलमध्ये एकाच सिग्नेचरपुरता, आणि काहींत ठरावीक पत्त्यांपुरता, अपवाद करता येतो. धोरणाच्या फाइलमध्ये प्रत्येक अपवादाला चार गोष्टी सक्तीच्या कराव्यात: सिग्नेचरचा क्रमांक, कारण, मागणाऱ्याचे नाव आणि शेवटची तारीख. चारपैकी एक जरी नसली, तरी फाइल तपासणारी स्क्रिप्ट ती स्वीकारणार नाही अशी व्यवस्था दहा-बारा ओळींत होते. मुदत संपलेला अपवाद गुपचूप काढून टाकणे मात्र टाळावे, कारण मग ज्याचे काम बंद पडेल त्याला कारण कळणार नाही आणि सगळा दोष ऑटोमेशनवर येईल. दोन आठवडे आधी कळवावे, आणि काढणेही नेहमीच्याच बदलाच्या वाटेने व्हावे.

लावलेले प्रोफाइल खरोखर काम करते का, हे कॉन्फिगरेशन वाचून कळत नाही. खडा टाकून पाहावा लागतो. यासाठी आयकार चाचणी फाइल नावाची एक मान्यताप्राप्त वस्तू आहे: ६८ अक्षरांचा पूर्णतः निरुपद्रवी मजकूर, जो सगळ्या अँटिव्हायरस यंत्रणांनी व्हायरस मानायचा असे ठरलेले आहे. प्रत्येक बदलानंतर स्क्रिप्टने चाचणीसाठी राखलेल्या संगणकावरून, फायरवॉलच्या पलीकडे ठेवलेली ही फाइल उतरवून पाहावी. उतरली तर चाचणी नापास, अडली आणि लॉगमध्ये नोंद आली तर पास. याच्या जोडीला दोन-तीन निर्दोष फाइल आणि नेहमीची संकेतस्थळेही तपासावीत, कारण सगळेच अडवणारी फायरवॉल आयकारच्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवते.

ही चाचणी साध्या एचटीटीपीवरून पास होते आणि एचटीटीपीएसवरून नापास होते, असे पहिल्यांदा करणाऱ्यांना हमखास आढळते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. एचटीटीपीएसमध्ये मजकूर टीएलएस या सांकेतिक रूप देणाऱ्या पद्धतीने कुलूपबंद असतो आणि फायरवॉलला त्याची उकल करण्याची परवानगी दिलेली नसेल, तर अँटिव्हायरस प्रोफाइलसमोर नुसती अर्थहीन अक्षरे जातात. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मध्ये तर सर्व्हरचे प्रमाणपत्रही कुलपाच्या आत गेले, त्यामुळे बाहेरून दिसणारी माहिती आणखी कमी झाली. क्विक या नव्या प्रोटोकॉलवरून जाणारी वाहतूक अनेक ठिकाणी मुद्दाम अडवतात, म्हणजे ब्राउझर पुन्हा जुन्या, उकलता येणाऱ्या मार्गावर येतो. उकल कोणत्या वाहतुकीची करायची आणि आरोग्य वा बँकेच्या व्यवहारांसारखी कोणती खासगी म्हणून सोडायची, हा तांत्रिक निर्णय नाही, आणि तो स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने एकट्याने घेऊ नये. पण तो घेतल्यावर त्याच धोरणाच्या फाइलमध्ये प्रोफाइल्सच्या शेजारी लिहावा, कारण उकल नसलेल्या वर्गाला लावलेले अँटिव्हायरस प्रोफाइल तक्त्यात हिरवे दिसते आणि प्रत्यक्षात आंधळे असते.

एवढी सत्ता ज्या खात्याच्या हाती जाते त्या खात्याचीही काळजी घ्यावी लागते. फायरवॉल बदलू शकणारी एपीआयची गुप्त किल्ली कोणाच्या हाती पडली, तर हल्लेखोराला प्रोफाइल चुकवण्याचे कष्टच उरत नाहीत. तो ते काढूनच टाकतो. ती किल्ली स्क्रिप्टमध्ये किंवा गिटमध्ये कधीही लिहू नये. गुपिते सांभाळणाऱ्या वेगळ्या यंत्रणेतून ती चालवण्याच्या क्षणी घ्यावी, ठरावीक काळाने बदलावी, आणि खात्याला प्रोफाइल्स व गट बदलण्यापुरतेच अधिकार द्यावेत, नवे प्रशासक तयार करण्याचे नाहीत. टेराफॉर्म वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की ते सद्यस्थितीची जी नोंद ठेवते, त्या फाइलमध्ये गुपिते उघड्या स्वरूपात उतरू शकतात. ती फाइल सर्वांना वाचता येईल अशा जागी पडलेली असणे ही नेहमी सापडणारी चूक आहे.

राहता राहिली मध्यरात्रीची वेळ, कारण ती येणारच. सगळे बदल फाइलमधूनच व्हावेत असा नियम केला, तरी एखाद्या रात्री फाइल, गिट आणि मंजुरी देणारा माणूस यांतले काहीच हाताशी नसते आणि फायरवॉलवर थेट हात घालावा लागतो. यासाठी मोहोरबंद ठेवलेले एक वेगळे खाते असावे, ज्याचा वापर होताच सर्वांना सूचना जाते, आणि फायरवॉलपर्यंत पोहोचण्याची एक अशी वाट असावी जी त्याच फायरवॉलमधून जात नाही. त्या रात्री हाताने केलेला बदल सकाळच्या तुलनेत ‘फरक’ म्हणून दिसेल. तो पाहणाऱ्याने दुपारपर्यंत दोनपैकी एक काम करायचे: बदल योग्य असेल तर तो कारणासह फाइलमध्ये लिहायचा, नसेल तर फाइलमधले धोरण यंत्रावर परत लावायचे, आणि रात्री जागलेल्या सहकाऱ्याला दोन्हीपैकी काय केले ते सांगायचे.